स्टेन्ड ग्लासच्या कामासाठी पहिला ग्राइंडर कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही दादरला राहता, एका कार्यशाळेत स्टेन्ड ग्लासमधलं कॉपर फॉइलचं काम (रंगीत काचेच्या तुकड्यांच्या कडांना तांब्याची पातळ पट्टी चिकटवून ते सोल्डरने, म्हणजे वितळवलेल्या धातूने, जोडायचं) शिकलात आणि आता गणपतीच्या मखरामागे लावायला कमळाचं एक पॅनल घरीच करायचं आहे. काच कापता येते, पण तुकडे एकमेकांशी नीट बसत नाहीत, म्हणून काचेच्या कडा घासणारं मशीन, म्हणजे ग्राइंडर, हवा. पर्याय दोन. मावसबहीण न्यू जर्सीहून येते आहे, ती तिकडचा चांगल्या नावाचा ग्राइंडर आणू शकते. नाहीतर इथे ऑनलाइन मिळणारा २२० व्होल्टचा, बराच स्वस्त. कोणता घेऊ, असं तुम्ही विचारलं आहे.

सरळ सांगते. मशीन इथल्या विजेवर चालणारंच घ्या. त्यातही मोटरच्या ताकदीपेक्षा तीन गोष्टींवर नजर ठेवा: शाफ्ट (मोटरचा फिरणारा दांडा) डुगडुगत नाही ना, बिटपर्यंत (शाफ्टवर बसणाऱ्या, काच घासणाऱ्या नळकांड्यापर्यंत) पाणी सतत पोचतं का, आणि दुसरे बिट त्या शाफ्टवर बसतात का. या तीन गोष्टी ठीक असतील तर स्वस्त मशीनवरही सुंदर काम होतं. यातली एक बिघडलेली असेल तर महागड्या मशीनवरही काचेच्या कडा चिरफाळत राहतात. आता कारणं सांगते, कारण दुकानदारापुढे उभं राहिल्यावर कारणंच उपयोगी पडतात.

अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची (हर्ट्झ म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) असते, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. व्होल्टचा प्रश्न सगळ्यांना ठाऊक असतो. लोहार चाळीत जाऊन स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला की झालं, असं लोक सांगतात. पण ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. तिकडच्या बऱ्याच ग्राइंडरांत साधी इंडक्शन मोटर असते आणि तिचा वेग हर्ट्झवर ठरतो. ६० हर्ट्झवर मिनिटाला साधारण ३४५० फेरे मारणारी मोटर ५० हर्ट्झवर २८५० च्या आसपास फिरते. वेग कमी झाला हे एक वेळ चालेल, पण ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेली मोटर ५० वर जास्त करंट ओढते आणि तापते. पेटीसारख्या बंद खोक्यात, वर पाण्याचा ट्रे, खाली गरम मोटर आणि बाहेर मे महिन्यातली मुंबई. अशा मोटरचं आयुष्य किती राहणार, ते तुम्हीच ठरवा. शिवाय मोटर बिघडली तर वॉरंटीसाठी मशीन परत अटलांटिकपार पाठवणं कोणाला परवडतं?

याला एक अपवाद आहे. काही छोट्या ग्राइंडरांत डीसी मोटर असते आणि लॅपटॉपला असतो तसा वेगळा ॲडॉप्टर येतो. त्या ॲडॉप्टरवर १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं असेल तर तो इथे बिनधास्त चालतो, फक्त पिन बदलावी लागते. तेव्हा बहिणीला मशीनच्या पाठीवरच्या पट्टीचा फोटो पाठवायला सांगा. नुसतं ‘चांगला ब्रँड आहे’ यावर जाऊ नका. त्या पट्टीवर फक्त १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलेलं असेल तर विषय तिथेच संपला.

आता ग्राइंडरकडून अपेक्षा काय ठेवायची, याबद्दल. तुम्ही लिहिलं आहे की तुकडे नीट बसत नाहीत म्हणून ग्राइंडर हवा. कापणी एक-दीड मिलिमीटरने चुकत असेल तर ग्राइंडर ती चूक भरून काढेल, पण प्रत्येक तुकड्यामागे तुमची पाच-दहा मिनिटं आणि बिटवरचा बराच हिरा खाऊन. ग्राइंडरचं खरं काम शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरचं. कटरच्या रेषेवर जी धार राहते ती मोडायची, आतल्या वळणातले दाते काढायचे आणि कडेला हलका खरखरीतपणा आणायचा, म्हणजे फॉइल धरून राहतं. तेवढं काम तो इतकं छान करतो की एकदा सवय झाली की त्याच्याशिवाय फॉइलचं काम नकोसं वाटतं.

हा अर्धा मिलिमीटर का महत्त्वाचा ते तुमच्या कमळावरच बघा. पॅनलच्या रुंदीत समजा दहा तुकडे येतात आणि प्रत्येक तुकडा अर्धा मिलिमीटर मोठा राहिला. शेवटी पॅनल पाच मिलिमीटरने रुंद होतं आणि मखराच्या चौकटीत शिरत नाही. म्हणून नमुन्याचे कागद कापताना फॉइलची खास कात्री वापरतात. ती दोन तुकड्यांच्या मधली साधारण पाऊण मिलिमीटरची कागदाची पट्टी काढून टाकते, फॉइल आणि सोल्डरला जागा राहावी म्हणून. तुम्ही साध्या कात्रीने नमुना कापला असेल, तर तुकडे न बसण्याचं निम्मं कारण तिथेच आहे. ते ग्राइंडरवर ढकलू नका.

शिशाच्या पट्टीचं काम करणाऱ्यांना मी वेगळं उत्तर दिलं असतं. शिशाच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी खाचा असतात, काचेची कड त्या खाचेत लपते आणि वर पुट्टी भरली जाते, त्यामुळे थोडी वाकडी कड खपून जाते. अशा जुन्या खिडक्या मुंबईतच आहेत. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. कुलाब्याचं अफगाण चर्च त्याच्याही आधीचं, १८५८ मधलं. विजेवर चालणारा ग्राइंडर तेव्हा कुठून असणार? त्या काळचे कारागीर कड दातेरी पक्कडीने कुरतडून आकारात आणत. या दोन्ही वास्तूंतल्या खिडक्या एकदा जवळून बघा आणि रंगांच्या मधल्या काळ्या रेषांकडे लक्ष द्या. अशा रेषांच्या आत किती कडा पोटात घेतल्या जातात ते कळलं की ग्राइंडर कशाला हवा आणि कशाला नको, याचा अंदाज येतो. फॉइलमध्ये लपायला जागा नाही. नेहमीचं ५.५ मिलिमीटर रुंद फॉइल ३ मिलिमीटर काचेवर गुंडाळलं की दोन्ही बाजूंना जेमतेम सव्वा मिलिमीटर उरतं. त्या सव्वा मिलिमीटरमध्ये कडेची कपची आली की ती सोल्डरच्या बाहेर डोकावते आणि उजेड पडला की पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसत राहते.

म्हणून फॉइलवाल्यांनी ग्राइंडर घ्यावाच, या मताची मी आहे. फक्त घेण्याआधी काही दिवस हिऱ्याच्या हाताच्या पॅडवर किंवा कार्बोरंडमच्या दगडावर, पाणी लावून, कडा घासून बघा. खर्च नगण्य आहे. त्यात हाताला दाब कळतो आणि तो पुढे मशीनवर लागतोच.

मशीन प्रत्यक्ष बघायला मिळालं तर आधी प्लग काढा आणि शाफ्ट दोन बोटांत धरून आडवा हलवा. अगदी बारीकही ‘टक्’ असं हललेलं जाणवलं तर ते मशीन घेऊ नका. ग्राइंडरवर सगळा दाब आडवा येतो. तुम्ही काच बिटवर रेटता, बिट शाफ्टला रेटतो आणि शाफ्ट बेअरिंगला. बॉल बेअरिंग हा आडवा दाब सोसतं. त्याऐवजी नुसता बुश, म्हणजे धातूची साधी नळी, असलेल्या स्वस्त मोटरीत काही महिन्यांत खेळ वाढतो. मग मशीन चालू करून बिटच्या कडेकडे डोळे बिटच्या पातळीवर आणून बघा. कड स्वच्छ रेषेसारखी दिसली पाहिजे. ती धूसर, दुहेरी दिसत असेल तर बिट लंगडा फिरतो आहे. लंगडा बिट काच घासत नाही, तो काचेला मिनिटाला हजारो वेळा ठोकतो आणि प्रत्येक ठोक्याला कडेचा कण उडतो. शिकणाऱ्यांना वाटतं आपला हात चुकतो आहे. हात बरोबर असतो, शाफ्ट चुकीचा असतो.

ऑनलाइन घेत असाल तर हे सगळं पार्सल उघडल्या दिवशी करा, परत पाठवण्याची मुदत संपायच्या आत. पार्सल उघडताना व्हिडिओ काढून ठेवा.

जाहिरातीत फेऱ्यांचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. त्याला भुलू नका. मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेरे पुरतात. खरी परीक्षा ओझं आल्यावर. ३ मिलिमीटर साध्या काचेचा तुकडा घ्या, कोणत्याही काचवाल्याकडे उरलेल्या पट्ट्या मिळतात, आणि अंगठ्याच्या नेहमीच्या दाबाने बिटला लावा. आवाज थोडा खाली बसला तर हरकत नाही. मशीन गुदमरून थांबत असेल तर मोटर अशक्त आहे. पंधरा-वीस मिनिटं काम करून खोक्याच्या बाजूला हात लावा. कोमट लागणं ठीक, हात ठेववत नसेल तर ते मशीन तुमच्या घरात नको.

वेगाबद्दल एक हिशेब मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. मशीन तेच, फेरे तेच, पण बिट किती जाड आहे त्यावर काचेला लागणारा वेग ठरतो. २८५० फेऱ्यांना एक इंची बिटची कड मिनिटाला सुमारे २२५ मीटर धावते, पाऊण इंचीची १७०, आणि पाव इंचीची जेमतेम ५७. म्हणजे बारीक बिट चौपट हळू घासतो. पाव इंची बिट लावून ‘मशीन काम करत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. मशीन ठीक असतं, त्यांनी मोठ्या बिटचं काम लहान बिटला दिलेलं असतं.

बिटवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मशीन एकदा घ्यायचं आणि बिट आयुष्यभर. बिट म्हणजे पितळ किंवा तांब्याचं नळकांडं आणि त्यावर हिऱ्याचे कण बसवलेले. तुमच्या कामाला दोनच बिट पुरतील. एक इंची किंवा पाऊण इंची मध्यम दाण्याचा, १०० ते १२० ग्रिटच्या आसपासचा (ग्रिटचा आकडा मोठा तितका दाणा बारीक), रोजच्या कामाला. आणि पाव इंची, पाकळीच्या आतल्या खोल वळणांसाठी. जाड दाण्याचा बिट पहिल्यांदा घेऊ नका. तो पटापट काच खातो खरा, पण कड फोडतो. बारीक दाण्याचा, २०० च्या पुढचा, आरशासाठी लागतो. आरशाच्या मागचा थर जाड दाण्याने कडेला सोलतो आणि मग तिथे काळा डाग पसरत जातो. तुमच्या कमळात आरसा नसेल तर तो खर्च वाचवा.

बिट घेण्याआधी शाफ्ट मोजा. अमेरिकेतल्या मशीनच्या शाफ्टची जाडी बहुधा ५/१६ इंच, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. मेट्रिक मापाचा शाफ्ट ८ मिलिमीटरचा किंवा वेगळ्याच मापाचा असू शकतो. फरक केसाएवढा वाटतो, पण घट्ट भोकाचा बिट जाड शाफ्टवर चढत नाही, किंवा चढला तर उतरत नाही. उलट सैल भोकाचा बिट बारीक शाफ्टवर बसतो पण लंगडतो. व्हर्निअर कॅलिपर नसेल तर जवळच्या कोणत्याही लेथवाल्याकडे शाफ्ट मोजून घ्या, एका मिनिटाचं काम आहे. ते माप हातात आलं की मग बहिणीचा उपयोग करून घ्या. तिला मशीनऐवजी त्या मापाचे दोन चांगले बिट आणायला सांगा. मुठीत मावतात आणि त्यांना व्होल्ट-हर्ट्झ काही लागत नाही. इथल्या स्वस्त मशीनसोबत येणारा बिट हाच बहुतेक वेळा त्या मशीनचा सगळ्यात कच्चा भाग असतो. तो बदलला की मशीनच बदलल्यासारखं वाटतं.

शाफ्टवर एका बाजूला सपाट जागा असते. बिटचा छोटा स्क्रू बरोबर त्या सपाट जागेवर यायला हवा. गोल बाजूवर आवळला तर तो शाफ्टला ओरखडा पाडतो आणि मग बिट निघत नाही. बिट बसवण्याआधी शाफ्टवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा. आणि काम संपलं की बिट काढून, पुसून ठेवा. कोरड्या हवेच्या गावात राहणारे लोक आठवडाभर बिट तसाच ठेवू शकत असतील. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट असते की एका रात्रीत शाफ्टवर तांबूस थर धरतो आणि चार दिवसांत बिट शाफ्टशी एकजीव होतो. मग पक्कड, हातोडी, वाकलेला शाफ्ट. मुंबईत ग्राइंडर मरतात ते बहुतेक असेच, मोटर जळून फारच थोडे. नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात चांगल्या पोलादाची ॲलन की (बिटचा स्क्रू फिरवायची षटकोनी किल्ली) घ्या. मशीनसोबत येणारी मऊ असते, दोन-चार वेळा वापरली की तिचे कोपरे गोल होतात.

बिटची उंची काचेच्या जाडीपेक्षा बरीच जास्त असते. ३ मिलिमीटर काच बिटचा तेवढाच पट्टा झिजवते, बाकीचा बिट कोराच राहतो. घासण्याचा जोर कमी झालासा वाटला की स्क्रू सैल करून बिट तीन-चार मिलिमीटर वर किंवा खाली सरकवा, नवा पट्टा समोर येतो. ही सोय शाफ्टच्या लांबीवर अवलंबून आहे, म्हणून अगदी आखूड शाफ्टचं मशीन टाळा.

आता पाणी, आणि हा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा मुद्दा. पाणी दोन कामं करतं. बिट आणि काच जिथे भिडतात तिथली उष्णता काढून नेतं आणि काचेची भुकटी हवेत उडू देत नाही. बहुतेक ग्राइंडरांत खालच्या ट्रेमध्ये पाणी असतं आणि बिटच्या मागे खोचलेला स्पंज ते वर ओढून बिटला लावत राहतो. म्हणून स्पंज बिटला नीट टेकलेला हवा, फार घट्ट दाबलेला नको. ट्रे उथळ असेल तर पाणी पटकन संपतं, म्हणून घेताना ट्रेची खोली बघा. स्पंजची खाच बिटच्या अगदी मागे आहे का, तेही बघा. काही मशीनांत ती तिरकी असते आणि निम्मा बिट कोरडाच राहतो. ट्रे धुवायला बाहेर निघतो की मशीनलाच जोडलेला आहे? निघणारा घ्या. काच टेकवायचा जाळीचा पृष्ठभागही उचलता आला पाहिजे आणि सपाट हवा, पोटाला फुगलेला नको, नाहीतर काच तिरकी घासली जाते.

पाणी पुरतं आहे की नाही ते ओळखणं सोपं आहे. नीट चाललेल्या बिटवर काचेच्या कडेला दुधाळ, पातळ पाण्याची रेघ दिसते आणि आवाज एकसारखा, मऊ घर्रर्र येतो. त्या रेघेच्या जागी पांढरी कोरडी पावडर दिसू लागली आणि आवाज किंचाळल्यासारखा वर चढला की लगेच काच मागे घ्या. तेवढ्या काही सेकंदांत काचेची कड तापून तडकते आणि बिटवरचे हिरेही सुटतात. काच धरायची ती दोन्ही हातांनी, जाळीवर सपाट टेकवून, आणि बिटवरून सतत सरकवत राहायची, एका जागी थांबवायची नाही. थांबली की तिथे खळगा पडतो. दाब किती? सहाणेवर चंदन उगाळताना आपण खोड जेवढं दाबतो, तेवढाच. जास्त जोर लावून काम लवकर होत नाही, उलट काचेच्या खालच्या बाजूने शिंपल्यासारख्या कपच्या निघतात. त्या वरून दिसत नाहीत. म्हणून मधून मधून तुकडा उलटा करून बघत जा.

तुमच्या पाकळीचं आतलं वळण असं करा. आधी मोठ्या बिटने दोन्ही टोकांकडून मध्याकडे या, जितकं जाता येईल तितकं. मग पाव इंची बिट लावून मधला उरलेला भाग काढा. मार्करची रेघ पाण्याने वाहून जाते, तर रेघेवर लिप बामचा किंवा व्हॅसलिनचा हात द्या, ती टिकते. तुकडा नमुन्यावर ठेवून बघताना तो आधी पुसा, कारण ओल्या तुकड्याखाली कागद फुगतो आणि माप खोटं दिसतं. आणि सगळे तुकडे घासून झाले की भांड्याच्या साबणाने प्रत्येक कड धुवून पूर्ण सुकवा. काचेची अदृश्य भुकटी राहिली तर फॉइलचा गोंद त्या भुकटीला चिकटतो, काचेला नाही, आणि सोल्डर करताना फॉइल सुटतं. फॉइल चिकटत नाही म्हणून लोक फॉइलला दोष देतात. बहुतेक वेळा कड धुतलेली नसते.

विजेच्या जोडणीबद्दल मी कडक आहे. पाणी, धातूचा शाफ्ट आणि ओले हात एकाच जागी आहेत. मशीनला तीन पिनांचा प्लग हवा आणि घरातल्या त्या सॉकेटला खरंच अर्थिंग हवं. जुन्या इमारतींत तिसरं भोक असतं पण मागे तार नसते, इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. त्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर ग्राइंडरच्या आधी तो बसवून घ्या. वायर सॉकेटकडे जाताना मध्ये खाली लोंबती ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत न जाता तिथेच गळून पडतं. पायाने दाबायचा स्विच मिळाला तर हात ओले असताना बटणाला लावावे लागत नाहीत. ज्या थोड्या जादा वस्तूंवर पैसे खर्च करावेत असं मला वाटतं त्यात तो येतो. बाल्कनीत बसायचं ठरवलं असेल तर पावसाळ्यात मशीन आत घ्या. वाऱ्याबरोबर येणारी झड मोटरच्या झरोक्यांतून आत जाते.

गाळ. याबद्दल विकणारा कोणीच बोलत नाही. ट्रेमध्ये काचेचा पांढरा चिखल साचतो. तो मोरीत किंवा सिंकमध्ये ओतू नका. पाइपच्या वळणात तो बसतो, सुकून सिमेंटसारखा घट्ट होतो आणि मग खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात. ट्रे एका बादलीत रिकामा करा, रात्रभर ठेवा, वरचं निवळलेलं पाणी झाडांच्या कुंडीत न घालता टॉयलेटमध्ये ओता, तळाचा गाळ वर्तमानपत्रावर काढून ओलसर असतानाच गुंडाळा आणि पिशवीत बांधून बाहेर ‘काच’ असं लिहा, म्हणजे कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागणार नाही. लाल, नारिंगी आणि पिवळ्या काचांच्या रंगात कॅडमियम आणि सेलेनियम असू शकतात, म्हणून हा गाळ खाण्याच्या भांड्यांपासून लांबच ठेवायचा. ओट्यावर ग्राइंडर मांडू नका, स्वयंपाकाचा स्पंज तिकडे वापरू नका.

मशीनला पुढे डोळ्यांच्या संरक्षणासाठी पारदर्शक पट्टी असते. तिच्यावर विसंबू नका, बाजूंनी बंद असलेला चष्मा घाला. हातमोजे घालू नका. फिरत्या बिटमध्ये मोज्याचं टोक अडकलं तर बोट ओढलं जातं. बोटांना फार लागत असेल तर नुसत्या बोटांच्या टोकांवर बसणाऱ्या रबरी टोप्या वापरा. ओढणी, पदर, मोकळे केस, बांगड्या, सगळं आवरून बसा. काम झालं की जमीन ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका आणि पंखा लावून सुकवू नका. ओली भुकटी निरुपद्रवी वाटते, पण सुकली की तीच हवेत उडते आणि घरात लहान मूल रांगत असेल तर तिथेच रांगतं. शेजाऱ्यांसाठी मशीनखाली जाड रबरी मॅट ठेवा. आवाजाइतकाच टेबलातून जाणारा कंप त्रास देतो, आणि दुपारच्या झोपेच्या वेळी तो विशेष जाणवतो.

टेबलाच्या आकाराबद्दल: आठ-नऊ इंचांची जाळी तुमच्या पॅनलला पुरते. दुसऱ्या मजल्यासारखं वर बसणारं छोटं टेबल, खास कूलंटची (पाण्यात मिसळायच्या, बिट थंड ठेवणाऱ्या द्रवाची) बाटली, सरळ पट्टी घासायची गाइड, हे सगळं नंतर बघा. पाण्यात कूलंट नसेल तरी चालतं, पाणी नसेल तर काहीच चालत नाही. काच कापायची रिंग सॉ तर आत्ता मनातही आणू नका.

जुना ग्राइंडर कोणी विकत असेल तर मला तो पर्याय आवडतो, कारण खूप जण हौसेने घेतात आणि काही महिन्यांत तो माळ्यावर जातो. बघायला जाताना स्वतःची ॲलन की आणि काचेचा एक तुकडा घेऊन जा. पहिली गोष्ट म्हणजे बिट काढून दाखवायला सांगा. निघाला तर पुढची बोलणी करा. निघतच नसेल तर शाफ्ट गंजलेला आहे, भाव कितीही कमी असो, नमस्कार करून या. मग शाफ्ट हलवून बघा, जाळी उचलून ट्रेच्या कोपऱ्यांत वाळलेला गाळ मोटरच्या बाजूला झिरपल्याच्या खुणा आहेत का ते बघा, आणि पाणी भरून तुमचा तुकडा घासा. त्या माणसाचा बिट गुळगुळीत झालेला असेल तर तेवढी किंमत कमी करून घ्या, ती न्याय्य मागणी आहे.

मशीन घरी आलं की पहिले दोन दिवस रंगीत काचेला हात लावू नका. साध्या काचेच्या पट्ट्यांवर आधी सरळ कड, मग बाहेरचं वळण, मग आतलं, या क्रमाने हात बसवा. नवा बिट सुरुवातीला जरा जास्तच खातो, तोही या साध्या काचेवर मऊ होऊन जाईल. तिसऱ्या दिवशी कमळाच्या मधल्या, सगळ्यात लहान तुकड्यापासून सुरुवात करा आणि बाहेर बाहेर येत जा. प्रत्येक नवा तुकडा आधीच्या घासलेल्या तुकड्याला लावून जुळवा, नुसत्या कागदाला नाही.